रिकाम्या हातानं कसं जायचं? : मद्रास ते ब्रिस्बेन, प्राणिबागांची गोष्ट



आजचा भाग चेन्नईतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू होतो. पण त्याचा माग काढत आपल्याला १८५५ सालात जायचं आहे, आणि तिथून समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात.

झालं असं. माझा धाकटा भाऊ ब्रिस्बेनला असतो. येत्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली की सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं ठरलं. सगळ्यांनी म्हणजे मी, हे, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. भावानं कार्यक्रम आखून पाठवला, त्यात एक अख्खा दिवस तिथल्या वन्यप्राणी उद्यानाचा. चिरंजीवांची एकच अट होती, कोआलाला कडेवर घ्यायचं. आईचीही एकच अट होती, प्राणिबाग सोडून कुठेही चला.

आईनं लहानपणी एका बागेत पिंजऱ्यातलं अस्वल पाहिलं होतं. ते चार पावलं पुढे जायचं, चार पावलं मागे यायचं, दिवसभर तेवढंच. ती बाग आज तशी राहिलेली नाही, पण आईच्या डोळ्यांपुढून ते अस्वल काही हललेलं नाही. "पैसे देऊन कुणाचा तुरुंग कशाला बघायचा?" असं ती म्हणते.

आता इतिहास सांगणाऱ्या माणसाला घरात असा प्रश्न विचारला की तो गप्प बसत नाही. मी आईला म्हटलं, आधी हे तुरुंग सुरू कसे झाले ते बघू, मग ठरवू.

तर मंडळी, राजेरजवाड्यांकडे प्राणी पाळायची हौस जुनीच. आपल्या तंजावरचंच घ्या. सरफोजीराजे दुसरे, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळातले आपले मराठी राजे. त्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय आपल्याला माहीत असतं. पण याच राजांनी तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात प्राण्यांची बागही उभी केली होती. अशा बागा राजाच्या असत. राजानं दाखवले तर प्राणी बघायचे, नाही तर नाही.

सर्वसामान्यांसाठी प्राणिबाग सुरू झाली ती मद्रासमध्ये. तिथे १८५१ साली सरकारी संग्रहालय सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख होते एडवर्ड बाल्फोर. हे मूळचे स्कॉटिश डॉक्टर. हिंदुस्थानावर मोठा ज्ञानकोश लिहिणारे आणि पुढे मद्रासमध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झटणारे. १८५४ मध्ये संग्रहालय एग्मोरच्या पँथियन इमारतीत आलं. बाल्फोर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दगड, नाणी आणि पेंढा भरलेले पक्षी बघायला जेवढे लोक येतात, त्याच्या कितीतरी पट लोक आवारातल्या एक-दोन जिवंत जनावरांसाठी येतात. मग त्यांनी अर्काटच्या नवाबाला गळ घातली आणि नवाबानं आपला खासगी प्राणिसंग्रह देऊन टाकला. १८५५ साली मद्रासची प्राणिबाग सुरू झाली, आणि वर्षभरात तिथे तीनशेहून जास्त प्राणी जमले.

आता हे १८५५ साल नीट बघा. त्याच वर्षी नवाब गुलाम घौस खान वारस न ठेवता वारला आणि कंपनी सरकारनं ती नवाबी संपवली. तंजावरचे शेवटचे मराठा राजे, दुसरे शिवाजी, तेही त्याच वर्षी गेले. त्यांनाही मुलगा नव्हता, म्हणून तंजावरची गादीही संपली. एकाच वर्षी दक्षिणेतले दोन दरबार बंद झाले आणि नवाबाचे वाघ-पक्षी सार्वजनिक झाले. प्राणी पिंजऱ्यातच राहिले. पिंजऱ्याबाहेरचा प्रेक्षक तेवढा बदलला.

पुढे १८६० च्या दशकात ही बाग सेंट्रल स्टेशनजवळच्या पीपल्स पार्कमध्ये हलली आणि शंभरहून जास्त वर्षं तिथेच राहिली. माझे वडील रेल्वेत होते, आम्ही पेरंबूरला राहायचो. ते मला सायकलवर पुढे बसवून तिथे नेत. मला आठवतो तो मूर मार्केटमधल्या जुन्या पुस्तकांचा वास, रेल्वेच्या शिट्ट्या आणि त्यातूनच ऐकू येणारी सिंहाची डरकाळी. पोरवयात मजा वाटायची. आज वाटतं, त्या सिंहाला ती शिट्टी दिवसातून किती वेळा ऐकावी लागत असेल.

जागा अपुरी पडत होती, स्टेशन वाढत होतं, धूर वाढत होता. म्हणून १९७० च्या दशकात बाग शहराबाहेर नेण्याचं ठरलं. वंडलूरच्या राखीव जंगलातली जागा मिळाली, १९७९ मध्ये काम सुरू झालं आणि २४ जुलै १९८५ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या हस्ते अरिग्नर अण्णा प्राणी उद्यान खुलं झालं. त्याच वर्षी मे महिन्यात मूर मार्केट जळालं. माझ्या लहानपणाचा तो कोपरा दोनच महिन्यांत पुसला गेला.

आता समुद्र ओलांडू. मेलबर्नची प्राणिबाग ऑक्टोबर १८६२ मध्ये रॉयल पार्कात सुरू झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबईत भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी उघडली. म्हणजे दोघी अगदी एका वयाच्या. पण मेलबर्नची बाग चालवणाऱ्या मंडळींचा हेतू नुसता प्राणी दाखवण्याचा नव्हता. परदेशातले उपयोगी प्राणी-पक्षी आणायचे, त्यांना इथल्या हवेत रुळवायचं आणि मोकळं सोडायचं, यासाठी त्यांनी संस्थाच काढली होती. त्यांना तो नवा देश अर्धवट वाटत होता, आणि रिकाम्या जागा भरायच्या होत्या.

मग काय काय नेलं बघा. १८५९ मध्ये एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे मागवले. त्यांच्या वंशानं पुढे अर्धा खंड कुरतडला. १८६० मध्ये कराचीहून दोन डझन उंट मेलबर्नला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे आपल्याकडूनच गेले म्हणा. त्यांचं काम मोटारींनी घेतलं तेव्हा त्यांना मोकळं सोडलं, आणि आज तिथल्या वाळवंटात रानटी उंटांचे कळप आहेत. १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खायला हवाईहून सुमारे शंभर विषारी भेक आणले. त्यांनी भुंगेरे काही संपवले नाहीत. उलट भेक खाऊन तिथले मूळचे शिकारी प्राणी मरू लागले.

आणि साळुंकी! १८६० च्या दशकात भाज्यांच्या मळ्यांतले किडे खायला आपल्याकडची साळुंकी मेलबर्नला नेली. १८८३ मध्ये तिला क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांतही सोडलं. आज ती तिथल्या पोपटांच्या झाडातल्या ढोल्या बळकावते, म्हणून तिची गणती उपद्रवी पक्ष्यांत होते. तिथे तिचं नावच 'इंडियन मैना'.

हे आम्हाला पुस्तकातून नव्हे, भाचीकडून कळलं. ती तिथेच जन्मली. फोनवर आजीला म्हणाली, "आजी, आमच्या अंगणात इंडियन मैना येते, ती वाईट असते." आईनं फोन माझ्याकडे दिला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तर म्हणाली, "आपली साळुंकी वाईट? पोरीला इंडियन म्हणजे उपद्रवी असं वाटायला लागलं तर?"

मंडळी, मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग मी दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगितली. आपण सर्दी झाली की निलगिरीचं तेल हुंगतो. त्या झाडाला मराठीत डोंगराचं नाव मिळालं, पण झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. १८४३ च्या सुमारास इंग्रजांनी ते उटीकडे लावलं, कारण त्यांना थंडीत जाळायला सरपण हवं होतं. पुढे त्याच्या लागवडीखाली निलगिरीच्या डोंगरांवरची मूळची गवताळ कुरणं गेली. झाड वाईट नाही. तेच पान तिकडे कोआलाचं जेवण आहे. तशीच साळुंकीही वाईट नाही. तिनं काही तिकीट काढलं नव्हतं. तिला कुणी जहाजात घातलं ते विचारायचं. हे सगळं मी भाचीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग मैनेला घरी पाठवता येत नाही का?" नाही येत. सगळी अडचण तीच तर आहे.

आता चिरंजीवांचा कोआला. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड सरकारनं कोआलाच्या शिकारीला मोकळीक दिली आणि महिनाभरात कातड्यासाठी पाच लाखांहून जास्त कोआला मारले गेले. लोक खवळले. त्याच वर्षी ब्रिस्बेनजवळ लोन पाइन नावाचं कोआलांचं आश्रयस्थान सुरू झालं, तेही अवघ्या दोन कोआलांवर. भावानं आमच्यासाठी ठरवलेलं उद्यान हेच. एकीकडे कत्तल आणि दुसरीकडे आसरा, वर्ष एकच, राज्यही एकच. सगळ्यांच्या नशिबी असा आसरा आला नाही. टास्मानियाचा पट्टेरी वाघ म्हणतात तो प्राणी, त्यातला शेवटचा ज्ञात जीव ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिबागेत मेला. त्याला कायद्याचं संरक्षण मिळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

लोन पाइनला येणारे लोक कोआलाला हातात घेऊन फोटो काढत. जुलै २०२४ पासून त्यांनी ते बंद केलं. हे चिरंजीवांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो. मी विचारलं, "तुला झोपेतून उठवून कुणी फोटोसाठी कडेवर घेतलं तर?" तो म्हणाला, "तू रोज शाळेसाठी उठवतेसच की!" यावर काय बोलणार? पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच यादीत खोडलं आणि लिहिलं, लांबून बघणे.

राहिली आई. तिला मी म्हटलं, ऑस्ट्रेलियाच्या आधी एक रंगीत तालीम करू, वंडलूरला जाऊ. मंगळवारी बंद असतं, म्हणून बुधवारी सकाळची लोकल पकडली. सहाशे हेक्टरांचा पसारा, चालणं तिला झेपलं नसतं, तेव्हा बॅटरीच्या गाडीत बसलो. वाघाच्या आणि आमच्या मध्ये गज नव्हते, खंदक होता. पलीकडे झाडी. वाघ दिसेपर्यंत वीस मिनिटं थांबावं लागलं. दिसला तेव्हा सावलीत पाठ करून पडला होता. चिरंजीव कंटाळले, आई मात्र बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला आपल्याकडे पाठ करता येते. त्या अस्वलाला तेवढंही येत नव्हतं."

मी तिला सिंहांचंही सांगितलं. २०२१ च्या जूनमध्ये इथल्या सिंहांना करोनाची लागण झाली आणि दोन सिंह दगावले. खंदक असला तरी जंतू ओलांडून गेला. आपण काही हातात न घेता आलो असं समजतो, तेव्हाही काहीतरी घेऊन आलेलो असतो. आई सुटकेचा दगड टाकून वाघाकडे धावत सुटली, असं काही झालं नाही. बागांबद्दलची तिची अढी आजही पूर्ण गेलेली नाही. पण परतीच्या लोकलमध्ये म्हणाली, "तिकडे मी येईन. पण मला बाकावर बसू द्या, घाई करू नका."

आता बांधाबांध. कुणाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आपल्या रक्तातलं. आईनं मेतकूट, गोडा मसाला, लाडू असं सगळं काढून ठेवलं, आणि सुनेच्या गॅलरीत लावायला तुळशीच्या बियांची एक पुडी. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रत्येकाला कार्ड भरावं लागतं. खाण्याचं काय आणलं, बी-बियाणं आहे का, लाकडाची वस्तू आहे का, सगळं खरं लिहायचं. मग तपासनीस बघतात आणि काय आत जाईल ते ठरवतात. लपवलं तर जबर दंड. आधी मला हा जाच वाटायचा. पण ससे, भेक आणि साळुंकी यांचा दीडशे वर्षांचा हिशेब वाचला की कळतं, ते कार्ड म्हणजे त्या देशानं चुकून शिकलेला धडा आहे.

मी आईला इतकंच म्हटलं, "लाडू कार्डावर लिहू, ते बघतील. बी मात्र जिवंत असतं." ती काही बोलली नाही. रात्री पाहिलं तर पुडी देव्हाऱ्यात परत ठेवलेली होती. तिच्या जागी बॅगेत भाचीसाठी एक वही होती, आणि पहिल्या पानावर आईच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'साळुंकीची गोष्ट'. पुढची पानं ती प्रवासात लिहिणार आहे.

तर मंडळी, तुम्ही बेळगावात असा, बडोद्यात, इंदूरला किंवा आमच्यासारखे चेन्नईत, पुढच्या सुटीत मुलांना प्राणिबागेत न्याल तेव्हा वाघ दिसला का एवढंच विचारू नका. ही बाग कुणाची होती, कधी हलली, गज कधी गेले, हेही विचारा. आणि वाघानं पाठ फिरवली तर जरा वेळ थांबा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.