सक्तीच्या शाळेची गोष्ट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘शिक्षणावर काहीतरी लिहा’ असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. चोवीस वर्षे शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेल्या बाईने शिक्षणावर काय लिहावे? शिकविले मी कोणालाच नाही; दाखले मात्र हजारांनी लिहिले. पण त्या दाखल्यांपायीच एक गोष्ट हातून घडली आणि ती मनात सलत राहिली आहे. ती सांगावयाची तर जरा मागे जावे लागेल.

आज आपण ‘शिक्षणाचा हक्क’ हे शब्द सहज उच्चारतो. आपल्या पणज्यांच्या वेळी शब्द होता ‘सक्ती’. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यात आहे. सरकारी तिजोरी भरते ती कष्टकऱ्यांच्या घामाने, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते मनावर घेतले नाही. करून दाखविले ते संस्थानिकांनी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

दंड! आज ऐकावयास चमत्कारिक वाटते. पण गुरे राखणारे पोर किंवा तान्ह्या भावंडाला सांभाळणारी पोर शाळेत गेली, तर घराचा एक हात कमी होई. आईबापांना मुलाची माया नव्हती असे नव्हे. पोटापुढे माया कमी पडे. दंडावाचून तो हात सुटला नसता, असे मला वाटते.

ब्रिटिश मुलखात नामदार गोखल्यांनी १९११ साली विधेयक आणले. तेही बेताचेच, आणि तूर्त मुलांपुरते. तरी १९१२ साली ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. मग १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला व नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती करण्याची मुभा मिळाली.

आणि इथे पुण्याचे प्रकरण सुरू होते. भगिनींनो, हे प्रकरण आपण बायकांनी तरी विसरू नये. सक्ती करावयाची ती मुलांना, की मुलामुलींना, असा वाद १९२० साली शहरात पेटला. एक पक्ष म्हणे, पैसा तुटपुंजा आहे, आधी मुलांचे होऊ द्या, मुलींचे मागाहून पाहू. स्वतः लोकमान्य टिळक या मताचे होते. गणपतीच्या मांडवात त्यांची तसबीर लावणाऱ्या आपल्याला हे वाचून अवघडल्यासारखे होते, पण घडले ते असे. दुसरा पक्ष म्हणे, ‘मागाहून’ म्हणजे कधी? त्या वेळी रमाबाई रानडे साठीच्या घरात आल्या होत्या. स्वतः लग्नानंतर, घरातल्या बायकांची बोलणी सोसून अक्षरे गिरविलेली ती बाई! सेवासदनाचा व्याप त्यांच्या शिरावर होता. त्या पुण्याच्या बायकांना घेऊन मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी मिरवणुकीने नगरपालिकेवर गेल्या. हळदीकुंकवाला निघाल्यावरही चार प्रश्न विचारले जाण्याचा तो काळ. त्या काळी इतक्या जणी रस्त्याने चालत गेल्या, आणि मागणे काय, तर आमच्या मुलींवर सक्ती करा!

पुढचे झपाट्याने सांगते. मुंबई इलाख्यात १९२३ व १९४७ साली प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा यत्न करावा असे लिहिले. ती मुदत १९६० साली सरली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्कच आहे असे म्हटले, २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला.

या कायद्याने पारडे फिरविले. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य त्यात आहे, पण दंड नाही. बांधून घेतले आहे ते सरकारने आणि शाळेने. देणगी मागावयाची नाही, मुलाची वा पालकांची परीक्षा घ्यावयाची नाही, मारावयाचे नाही. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या इयत्तेच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांना द्यावयाच्या. ही वाट फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून अडविली होती. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला सूट, असा तो बदल. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ‘मागाहून पाहू’ म्हणणारे प्रत्येक पिढीत असतातच.

आणखी एक कलम आहे, चौदावे. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आता माझी गोष्ट. साल २०११, जूनचा शेवट. इमारतीच्या कामावर आलेली एक बाई आठनऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही. मी म्हटले, ‘कागद आणा, मग या.’ आवाज चढविला नाही. रोज म्हणत असे तसेच म्हटले. कायदा लागू होऊन वर्ष उलटले होते. परिपत्रक फायलीत लावले होते, तेही मीच. वाचले मात्र नव्हते. ती बाई पुन्हा आली नाही.

ते कलम मी वाचले निवृत्तीनंतर, आपल्याच मंडळाच्या वाचनवर्गात. गेल्या जूनमध्ये आपल्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या मावशींची नात गावाहून आली, हाती एकही कागद नसताना. शाळेत ‘नंतर या’ असे उत्तर मिळाले. मी कलमाची छापील प्रत पिशवीत घालून त्यांच्याबरोबर गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, कारकुनाला बोलाविले, आणि पोरीला वयाप्रमाणे तिसरीत बसविले. कारकून मुलगी तरुण होती. तिने माझ्यासमोरच हजेरीपटावर नाव लिहिले, जन्मतारखेपुढे मावशींनी सांगितले ते लिहिले, आणि विचारले, ‘आजी, शुद्धलेखन बरोबर आहे ना?’

बरोबर होते. त्या २०११ सालच्या मुलाचे नाव मात्र मला सांगता येणार नाही. मी ते विचारलेच नव्हते.