नीलमाचे जन्मगाव

सातारा-सांगलीकडे नीलम म्हणजे शनीचा खडा. तो सर्वांना लाभत नाही, म्हणून आधी उशाखाली ठेवून पाहायचा, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. लिलावात मात्र त्याचे जन्मगाव पाहतात. सर्वांत मान काश्मीरच्या नीलमाला. तिथल्या पाडर भागात १८८१च्या सुमारास दरड कोसळून निळे खडे उघडे पडले आणि पाच-सहा वर्षांतच ती खाण जवळजवळ सरली. २०१५मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २७.६८ कॅरेटच्या काश्मिरी नीलमाची अंगठी सुमारे ६७ लाख डॉलरला गेली.

खड्याचे गाव त्याच्या पोटातल्या सूक्ष्म खुणांवरून प्रयोगशाळेत ओळखता येते. सोन्याचे तसे नाही. आमच्या विटा-आटपाडीचे गलाई कारागीर दुष्काळामुळे घर सोडून देशभर गेले. सोने-चांदी शुद्ध करण्यात त्यांनी नाव कमावले. त्यांच्या मुशीत सोने उजळते, पण दागिन्याची जुनी घडण आणि तिच्यातली घराण्याची ओळख विरघळते. दोष मुशीचा नाही. आजीची ठुशी मोडायला देणारे आपणच. मोडायचीच असेल तर आधी छायाचित्र काढा. ती कुणी, कधी, कुठे घडवली, तेवढे वहीत लिहून ठेवा. नीलम आपले गाव स्वतः सांगतो, ठुशीचे आपल्यालाच सांगावे लागते.