घाटाखालचा एप्रिल

1860 सालचा एप्रिल. मुंबईहून निघालेली तुमची आगगाडी खोपोलीला येऊन थांबली. पुढे रूळच नाहीत. पुण्याची गाडी वर खंडाळ्याला मिळेल, मधला बोरघाट ज्याचा त्याने चढायचा. उतरताच भोई आणि तट्टूवाले तुम्हाला गराडा घालतात. तुम्ही आधी पालखीत बसता आणि मग भाव विचारता. (हे उलटं करायचं असतं.) निघण्याआधी नाना फडणविसांच्या तळ्यावर पाणी पिऊन घ्या. पाताळगंगेत आत्ता डबकी आणि धोंडेच आहेत.

पालखी 1830 सालच्या गाडीरस्त्याने चढू लागते. पलीकडच्या डोंगरात सुरुंगाचे बार उडताहेत. पुढच्या वर्षी तिथे 42,000 मजूर राबत असतील. पटकीने किती गेले, ते मात्र बोगद्यांवर लिहिणार नाहीत. 1863 मध्ये गाडी थेट घाट चढेल, तीही खोपोलीला वगळून, पळसदरीवरून. भोयांचा धंदा बसेल, खोपोली फाट्यावरचं स्टेशन होईल, आणि मागून रेटणारी इंजिनं जोडायला गाड्या थांबतील त्या कर्जतला. कर्जतच्या वड्याने त्या इंजिनांना रोज एक नमस्कार घालायला हरकत नाही.

आता 1922 मध्ये या. घाटमाथ्याचं जे पाणी इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते टाटांनी धरणांत अडवून नळांतून पश्चिमेला खाली सोडलंय; खोपोलीला 1915 पासून आणि आता ठोकरवाडी धरणाचं भिवपुरीला. वीज मुंबईच्या गिरण्यांना. वर मावळात जमिनी बुडाल्या, तो विषय खाली दरीत फारसा निघत नाही. जनित्रं फिरवून झालेलं पाणी उल्हास आणि पाताळगंगेत पडतं, आणि दोन्ही नद्या भर उन्हाळ्यात वाहू लागतात.

आणि आजचा एप्रिल. भिवपुरी कॅम्पकडच्या रस्त्याला डोंगर करपलेले, पण खाली, वीजघरातून सुटलेलं पाणी शेतांना नेणाऱ्या राजनाल्यावर उन्हाळी भात लोंबीला आलंय. तुम्ही गाडी थांबवून फोटो काढता. बांधावरचे काका नाल्याकडे बघत उभे आहेत. जनित्रं फिरली तर पाणी.

"मुंबईचे ना तुम्ही?" ते विचारतात. "मग घरी गेल्यावर एसी जरा जोरात लावा. आमचं शेवटचं पाणी राहिलंय."