रुग्णालयातील लससक्तीची कुळकथा

रुग्णालयात काम करणाऱ्याने लस घेतलीच पाहिजे, या नियमाचा एक जुना आणि ठळक दाखला लंडनच्या देवीच्या रुग्णालयात मिळतो. जेम्स फर्नेस मार्सन हे डॉक्टर १८३० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे निवासी शल्यचिकित्सक होते. नवी परिचारिका किंवा नोकर कामावर आला, की मार्सन त्याला नव्याने देवी काढत. लहानपणी काढलेल्या असल्या तरीही. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस टोचली, तेव्हा ती जन्मभर पुरेल अशी समजूत होती. वर्षे जातात तसे तिचे संरक्षण ओसरते, हे पुढे ध्यानात आले. मार्सन यांनी १८७१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, की पस्तीस वर्षांत त्यांच्या रुग्णालयातल्या एकाही परिचारिकेला वा नोकराला देवी आल्या नाहीत. फोडांनी भरलेली अंगे पुसायची, खपल्यांनी माखलेल्या चादरी उचलायच्या, अशी कामे करणाऱ्या माणसांबद्दल हे विधान होते.

ही लस परिचारिकेच्या जिवासाठी होती. धोका रोग्याकडून तिला होता. रोग्याला देवी आधीच आलेल्या असल्यामुळे तिच्याकडून त्याला काही भय नव्हते. नियमाची दुसरी जात पुष्कळ नंतरची. तिच्यात कर्मचारी हाच धोक्याचा उगम मानला जातो आणि लस रुग्णाच्या रक्षणासाठी टोचली जाते. पहिल्या जातीत लस हे मालकाचे देणे असते, दुसऱ्या जातीत ते नोकराचे होते. ही दोन कुळे कायद्यात आणि भांडणात वारंवार एकमेकांत मिसळली गेली. कर्मचाऱ्यांच्या हक्कांचा बराचसा गुंता त्या सरमिसळीतून झालेला आहे.

याच काळात सरकारी सक्तीची वेगळी शाखा वाढत होती. इंग्लंडने १८५३ च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवी काढणे बंधनकारक केले. त्याविरुद्ध लेस्टर शहरात १८८५ मध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ च्या कायद्याने विवेकबुद्धीच्या कारणावरून सूट मागण्याची सोय पालकांना मिळाली. अमेरिकेत १९०२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरी देवीची साथ आली. हेनिंग जेकबसन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या धर्मोपदेशकाने लस नाकारली. लहानपणी घेतलेल्या लसीने आपण फार आजारी पडलो होतो, असे त्याचे म्हणणे. दंड झाला पाच डॉलर. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो हरला. समाजाच्या सुरक्षिततेसाठी राज्य वाजवी निर्बंध घालू शकते, असे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. रुग्णालयांच्या वादात पुढे हा निकाल सतत पुढे केला गेला. मात्र जेकबसनला पाच डॉलर भरून लस टाळता आली असती, त्याची उपजीविका पणाला लागलेली नव्हती, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो.

कामाच्या ठिकाणची लस आणि कामगाराचा हक्क यांची खरी गाठ पडली ती हेपॅटायटिस बीमुळे. रक्तातून पसरणारा हा विषाणू रुग्णालयातल्या माणसाच्या शरीरात सुईवाटे शिरतो. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावताना बोटाला टोचते, कचऱ्याची पिशवी उचलताना आत राहिलेली सुई मांडीत घुसते. शस्त्रक्रिया करणारे, प्रयोगशाळेत रक्त हाताळणारे, डायलिसिस विभागातले आणि सफाईचे कर्मचारी यांना कावीळ होणे हा धंद्याचाच भाग समजला जाई. पुढे कित्येकांचे यकृत निकामी होई. अमेरिकेत १९८३ या एका वर्षात आरोग्यसेवेतल्या सुमारे १७,००० जणांना हा संसर्ग झाल्याचा अंदाज आहे.

या रोगावरची पहिली लस तिथे १९८१ मध्ये मान्य झाली. ती माणसाच्या रक्तद्रवापासून बनत असे. रक्त देणाऱ्यांत समलिंगी पुरुष बरेच होते आणि एड्सची भीती नुकतीच पसरू लागली होती, त्यामुळे ही लस टोचून घ्यायला डॉक्टर आणि परिचारिकाही कचरत. शिवाय तीन मात्रांचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास. पगारदार डॉक्टरला तो परवडे, धुलाई विभागातल्या बाईला कुठून परवडणार? यीस्टपासून तयार केलेली नवी लस १९८६ मध्ये आली आणि रक्ताची भीती संपली; खर्चाचा प्रश्न उरला. त्याच वर्षी कामगार संघटनांनी केंद्र सरकारच्या कामगार सुरक्षा विभागाकडे अर्ज केला, की रक्तातून होणाऱ्या रोगांपासून संरक्षण देणे मालकांवर बंधनकारक करावे. मागणी संघटनांची होती आणि बंधन मालकावर हवे होते, ही गोष्ट या इतिहासात फार मोलाची आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये नियम झाला. ज्याच्या कामात रक्ताशी संबंध येतो, त्याला कामावर लागल्यापासून दहा कामकाजी दिवसांत हेपॅटायटिस बीची लस देऊ करायची. पैसा मालकाचा, सोयीची वेळ आणि जागा पाहण्याची जबाबदारीही मालकाची. कर्मचाऱ्याला नको असेल तर त्याने एका नकारपत्रावर सही करायची, आणि त्या पत्राचा मजकूर नियमातच ठरवून दिलेला आहे. धोका मला समजला आहे, लस मला विनाखर्च देऊ केली गेली, तूर्त मी ती घेत नाही, त्यामुळे गंभीर आजाराचा धोका राहतो हे जाणतो, आणि पुढे याच कामावर असताना मन बदलले तर ती मला विनामूल्य मिळेल, असा त्याचा आशय. नकार देणाऱ्याची नोकरी जात नाही आणि दारही कायमचे बंद होत नाही. सुई टोपणाविना टाकण्याचे कडक डबे, हातमोजे, प्रशिक्षण हे सारे त्याच नियमात आले. १९९५ पर्यंत वर्षाला होणारे संसर्ग सुमारे ४०० वर उतरले. ही घट एकट्या लसीची नाही, काळजीपूर्वक कामाचीही आहे. पण ती नोकरीवरून काढण्याचा धाक न घालता साधली, एवढे निर्विवाद.

त्याच विषाणूने ब्रिटनमध्ये नियमाची दिशा पालटली. संसर्ग झालेल्या शल्यचिकित्सकांकडून शस्त्रक्रियेत रुग्णांना लागण झाल्याची प्रकरणे तिथे उघड झाली. आरोग्य खात्याने १९९३ मध्ये सूचना काढली, की रुग्णाच्या शरीरात हात घालून काम करणाऱ्यांनी लस घ्यावी आणि प्रतिकारशक्ती आल्याचे तपासून घ्यावे. अतिसंसर्गजन्य अवस्थेतल्या डॉक्टरने अशी शस्त्रक्रिया करू नये. लस तीच, पण आता रक्षण रुग्णाचे होते. अट फक्त ठरावीक कामांपुरती होती आणि तिच्यामागे प्रत्यक्ष घडलेल्या लागणी होत्या, म्हणून ती फारसा गाजावाजा न होता रुळली.

देवी पुन्हा एकदा या कथेत येतात, त्या रोग नाहीसा झाल्यावर. जैविक हल्ल्याच्या भीतीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी डिसेंबर २००२ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना देवीची लस देण्याची मोहीम जाहीर केली. उद्दिष्ट होते पाच लाखांचे आणि लस ऐच्छिक होती. प्रत्यक्षात लस घेतली ती जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी. लसीने ताप येऊन रजा पडली तर तिचा पगार कोण देणार, अपाय झाला तर भरपाई कोणाकडून, याची उत्तरे संघटनांनी मागितली होती. भरपाईचा कायदा एप्रिल २००३ मध्ये झाला, तोवर हृदयाला सूज येण्याची उदाहरणे पुढे आली होती आणि मोहीम मंदावली होती. आधी भरपाई ठरवून मग बाह्या वर करायला सांगितले असते, तर आकडा वेगळा दिसला असता असे मानायला जागा आहे.

आज परिचित असलेली सक्ती, म्हणजे लस नाही तर नोकरी नाही, ही फ्लूच्या लसीतून आली. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००४ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना दरवर्षीची फ्लूची लस बंधनकारक केली. परिचारिकांच्या संघटनेने हरकत घेतली: कराराने ठरलेल्या सेवाशर्ती मालकाला एकतर्फी बदलता येत नाहीत. लवादाने संघटनेचा पक्ष उचलून धरला आणि अपील न्यायालयाने २००७ मध्ये लवादाचा निर्णय कायम ठेवला. लस चांगली की वाईट, यावर हा निकाल नव्हताच. परिचारिकांशी बोलणी न करता अट लादली, एवढाच प्रश्न होता. जिथे संघटना नव्हती तिथे हा अडथळाही नव्हता. सेंट लुईसच्या बीजेसी हेल्थकेअर या संस्थेने २००८ मध्ये सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली, ९८.४ टक्के लोकांनी ती घेतली आणि आठ जणांना नोकरी गमवावी लागली. न्यूयॉर्क राज्याने २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत सगळ्याच आरोग्य कर्मचाऱ्यांवर सक्ती केली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिला तात्पुरती स्थगिती दिली आणि काही दिवसांतच लस पुरेशी नाही म्हणून राज्याने स्वतःच ती मागे घेतली.

फ्लूच्या सक्तीचा पाया ज्या संशोधनावर उभा होता, ते तपासण्यासारखे आहे. ग्लासगोतल्या वृद्धांच्या दीर्घकालीन निवासी रुग्णालयांत झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे कर्मचाऱ्यांना लस दिली तिथे रुग्णांचे मृत्यू १७ टक्क्यांऐवजी १० टक्के दिसले. असेच आणखी काही अभ्यास आले. पण २०१७ मध्ये कॅनडातल्या गास्टन डे सेरेस आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवले, की फ्लूमुळे जितके मृत्यू होणे शक्य आहे त्याहून जास्त मृत्यू टळल्याचे हे आकडे सांगतात, म्हणजे ते विश्वासार्ह नाहीत. कॅनडातच ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णालयांनी लस घ्या नाहीतर हंगामभर मास्क लावा, असा नियम केला होता. लवाद जेम्स हेज यांनी २०१५ मध्ये आणि विल्यम कॅप्लन यांनी २०१८ मध्ये तो रद्द ठरवला. एखाद्या वर्षीची लस विषाणूशी जुळलेली नसली तरी मास्क फक्त लस न घेतलेल्यांनीच लावायचा, हे तर्काला धरून नाही असे त्यांना दिसले. लस घेणे शहाणपणाचे आहे, हे या दोन्ही निर्णयांनी नाकारलेले नाही. नोकरीवर अट घालायची तर पुरावा त्या अटीच्या वजनाइतका भक्कम हवा, हा त्यांचा आग्रह, आणि तो रास्त होता.

करोनाच्या साथीत दोन्ही कुळे एकत्र आली: कर्मचारी स्वतः मरत होते आणि त्यांच्याकडून रुग्णांना लागणही होत होती. टेक्सासमधल्या ह्यूस्टन मेथडिस्ट रुग्णालयाने ७ जून २०२१ ही मुदत घातली. ११७ जण न्यायालयात गेले आणि मुदत उलटल्यावर १७८ जण निलंबित झाले. नाझींच्या वैद्यकीय प्रयोगांशी दावेदारांनी केलेली तुलना न्यायाधीशांनी कडक शब्दांत फेटाळली. लस नको असेल तर दुसरीकडे नोकरी करण्याची मोकळीक आहे, असे म्हणून दावा काढून टाकला. अखेर १५३ जणांची नोकरी गेली किंवा त्यांनी ती सोडली. इटलीने एप्रिल २०२१ मध्ये आणि फ्रान्सने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायद्यानेच सक्ती आणली. १३ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निर्णय दिले: मोठ्या उद्योगांतल्या सर्व कामगारांसाठीची सक्ती सहा विरुद्ध तीन मतांनी रोखली, सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्य संस्थांतली सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवली. आजाऱ्याची सेवा हे काम इतर कामांहून वेगळे आहे, हे त्या निसटत्या बहुमताने मान्य केले.

तोवर करोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला होता. लस गंभीर आजारापासून वाचवत राहिली, पण लस घेतलेलाही लागण पसरवू शकतो हे रोज दिसू लागले. रुग्णाच्या रक्षणाचा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडला. इंग्लंडने एप्रिल २०२२ पासून लागू होणारा नियम त्याआधीच मागे घेतला. फ्रान्सने मे २०२३ मध्ये निलंबितांना परत घेतले आणि अमेरिकेनेही २०२३ मध्ये आपली अट रद्द केली.

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, आणि सरकारी भूमिका लस ऐच्छिक असल्याची होती. मुंबईत जे.जे. रुग्णालयात कोव्हॅक्सिन दिली गेली. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा आलेले नव्हते, म्हणून घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेतली जाई. दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी कोव्हॅक्सिनऐवजी दुसरी लस मागितली होती. महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्यांनी जून २०२१ मध्ये संप केला, तो मानधनासाठी. लसीला त्यांचा विरोध नव्हता. जेकब पुलियेल खटल्यात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्यघटनेच्या २१ व्या कलमानुसार कोणालाही बळजबरीने लस टोचता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात असले पाहिजेत, आणि त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध तसे नाहीत, असाही निर्वाळा दिला. हा विचार एकूण नागरिकांचा होता. रुग्णालयाची नोकरी ही स्वतंत्र बाब म्हणून त्यात तपासली गेलेली नाही.

भारतीय रुग्णालयांना लागू असलेली लसीची एक ठोस तरतूद मात्र पहिल्या कुळातली आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम रुग्णालय चालवणाऱ्यावर कर्तव्य टाकतात, की असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसह कचऱ्यातून होऊ शकणाऱ्या रोगांवरच्या लसी द्याव्यात. वापरलेल्या सुयांच्या आणि पट्ट्यांच्या पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारालाही ही तरतूद लागू होते.