वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आणि इतिहाससंशोधन

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासाचे साधन म्हणून वृत्तपत्रे व मासिके ह्यांचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' १८४१ मध्ये, तर 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये सुरू झाले. ह्या नियतकालिकांचे जे अंक आज सार्वजनिक ग्रंथालयांत वाचावयास मिळतात, त्यांतील मजकुराची चिकित्सा अभ्यासक करतात. परंतु त्या संग्रहाची चिकित्सा क्वचितच होते. मजकुराच्या आधी संग्रह तपासला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

प्रथम मूळ अंक पाहण्याची आवश्यकता विचारात घेऊ. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ ते १८५० ह्या काळात 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध झाली. ह्याच लोकहितवादींचा पुण्याच्या १८४८ मधील ग्रंथालयाच्या स्थापनेत पुढाकार होता. वृत्तपत्र आणि ग्रंथालय ही एकाच प्रबोधनाची दोन अंगे होती, हे त्यावरून ध्यानात येते. ही पत्रे विषयवार संकलनात वाचली म्हणजे ती सुटे निबंध वाटतात. तारीखवार वाचली म्हणजे मात्र लेखकाचा विचार कोणत्या क्रमाने पुढे सरकला आणि शेजारच्या स्तंभांतून वाचकांपुढे त्या आठवड्यात आणखी काय येत होते, हे कळते. नियतकालिकांची सूची लेखापर्यंत नेऊन पोचविते. पण बाजारभाव, जाहिराती व किरकोळ पत्रव्यवहार ह्यांसाठी पाने चाळण्यावाचून गत्यंतर नसते.

तथापि सर्वच पत्रांच्या फायली सारख्या प्रमाणात टिकलेल्या नाहीत. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला. त्यामागे संस्था उभी राहिली आणि त्याचे अंक जपले गेले. त्याच्या चार वर्षे आधी, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले. सत्यशोधक चळवळीच्या ह्या मुखपत्राचे जुने अंक आज अतिशय दुर्मिळ आहेत. त्यामुळे त्याच्या मतांसाठी अभ्यासकास पुष्कळदा मुंबई सरकारने देशी वृत्तपत्रांतून करविलेल्या इंग्रजी उताऱ्यांच्या साप्ताहिक अहवालांकडे वळावे लागते. पण हे उतारे राज्यकर्त्यांनी आपल्या गरजेनुसार निवडलेले आहेत. सरकारविषयक टीका त्यांत येणे स्वाभाविक होते. गावातील विवाहविधी, शाळा किंवा वर्गणीची यादी तेथे येण्याचे कारण नव्हते. म्हणजे एका पक्षाचे म्हणणे त्याच्याच भाषेत व अखंड उपलब्ध आहे, दुसऱ्याचे अनुवादित आणि तुटक. हा भेद न नोंदविता दोहोंतील अवतरणे शेजारी ठेवली, तर बहुजन समाजाने कमी विचार केला असा खोटा निष्कर्ष नकळत निघतो. वस्तुतः कमी उरले आहे, इतकेच सिद्ध होते.

ह्यावरून काही पथ्ये निष्पन्न होतात. कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या तारखांचे अंक पाहिले व कोणते मिळाले नाहीत, हे प्रबंधात स्पष्ट नमूद करावे; 'अमुक पत्राने ह्या विषयावर मौन पाळले' हे विधान फाईल सलग असल्याची खात्री झाल्यावाचून करू नये. बांधणी करताना मासिकांची वेष्टने व जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जात, म्हणून एकाच वर्षाचे दोन संग्रहांतील खंड शक्यतो ताडून पाहावेत. मासिकावरील महिना व त्याच्या प्रत्यक्ष प्रसिद्धीचा दिवस एकच असतो, असेही गृहीत धरू नये.

लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद त्यातील आम्लामुळे ठिसूळ होतो. म्हणून चिंध्यांच्या कागदावरील जुन्या अंकांपेक्षा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे अंक पुष्कळदा अधिक जीर्ण आढळतात. ग्रंथालयांनी छायाप्रती करताना प्रसिद्ध पत्रांनाच अग्रक्रम दिला, तर पूर्वीची विषमता नव्या स्वरूपात कायम होईल. अल्पायुषी व जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेल्या पत्रांचे सुटे अंक प्रथम हाती घेणे, हे इतिहासाच्या दृष्टीने अधिक निकडीचे कार्य आहे.