राजाचा पाय

परवा पुण्याला भाच्याकडे चार दिवस राहून आले. त्यांच्याकडे डॅशहंड जातीचा कुत्रा आहे. पाठ लांबलचक, पाय आखूड, आणि स्वभाव घरमालकाचा. गेल्या दिवाळीत त्याने सोफ्यावरून उडी मारली आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले. मणक्यातली चकती सरकली होती. या जातीत हे दुखणं पुष्कळ असतं म्हणे. ऑपरेशन झालं, आणि नंतर फिजिओथेरपी सुरू केली. "कुत्र्याला फिजिओथेरपी?" असं म्हणून मी तेव्हा फोनवर हसले होते. आमच्या सूनबाईंना ते लागलं असणार, पण ती बिचारी काही बोलली नाही. या खेपेला तिने मला बरोबर नेलं. "मावशी, तुम्ही बघाच एकदा."

बघितलं. काचेची एक टाकी, तळाशी फिरता पट्टा आणि त्यात कोमट पाणी. पट्टा हळूहळू फिरतो आणि कुत्रं पाण्यात चालतं. मागे एक तरुण मुलगी टाकीत वाकून त्याची कंबर हातांनी सावरत होती आणि एकेक पाऊल नीट पडतंय ना ते पाहत होती. टाकीतून बाहेर काढल्यावर तिने त्याचा पाय धरून सावकाश दुमडायला आणि सरळ करायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन..." मला हसूच आलं. दीड वर्षापूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई याच सुरात मोजायच्या. फरक एवढाच की मी कुरकुर करत होते आणि हा शेपटी हलवत होता.

घरी येताना रिक्षात मात्र मी गप्प होते. मला आमच्या मिरजेतल्या टांग्याचा राजा आठवत होता. आमच्या धाकट्या माईलाही तो आठवत असेल.

१९६०-६१ची गोष्ट. आम्हां सहा मुलींना शाळेत न्यायला टांगा होता. टांगेवाल्यांना आम्ही काका म्हणायचो. तांबूस घोडा, कपाळावर पांढरा टिळा, नाव राजा. त्या वर्षी पावसाळ्यात त्याचा पुढचा उजवा पाय लचकला. गुडघ्याखाली, मागच्या बाजूने, नळीएवढी सूज आली. आठ-दहा दिवस तो तसाच लंगडत चालला आणि मग काकांनी त्याला डाग दिला. नालबंदाच्या दुकानाशी गर्दी जमली होती, त्या गर्दीत मीही होते. राजाचा वरचा ओठ दोरीने पिळून धरला होता. भात्यावर लाल केलेली सळई त्यांनी सुजेवरून आडवी ओढली, एकदा, दोनदा, चारदा. तो वास अजून नाकातून गेलेला नाही. मी रडत घरी पळाले आणि काका किती दुष्ट आहेत ते आईला सांगितलं. पुढची कित्येक वर्षं माझं तेच मत होतं.

नोकरीत इतिहास शिकवताना कधीतरी कळलं की यात काकांचा एकट्याचा दोष नव्हता. लंगड्या घोड्याला डागणं हा फार जुना उपाय. आपल्याकडे घोड्यांचं वैद्यक शालिहोत्रापासून सांगतात, त्याच्याच नावावरून जनावरांच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. ‘अश्वचिकित्सा’ हा ग्रंथ नकुलाच्या नावावर आहे. विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडे सांभाळणारा तो हाच नकुल. रोमन लोकांच्या पशुवैद्यकातही डागणी आहे. १७६१ साली फ्रान्समध्ये लियाँ इथे क्लोद बूर्जला यांनी पहिलं पशुवैद्यक विद्यालय काढलं, आपल्याकडे मुंबईत परळला १८८६ साली महाविद्यालय सुरू झालं. शास्त्र आलं, भूल आली, तरी लाल सळई काही सुटली नाही. विलायतेतले शर्यतीचे लाखमोलाचे घोडेसुद्धा विसाव्या शतकात सर्रास डागले जात होते. मग मिरजेच्या टांगेवाल्याला काय बोल लावायचा?

मुळात घोड्याचा पाय ही चीजच अवघड. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर त्याचं मनगट, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. म्हणजे चारपाचशे किलोंचं हे जनावर बोटांच्या टोकांवर धावतं! त्या ‘गुडघ्या’च्या खाली मांस जवळजवळ नाहीच, नुसती हाडं आणि कंडरा (बोलीत आपण शीर म्हणतो ती). कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती फाटली की भरून यायला महिनेच्या महिने लागतात, चांगलं वर्षसुद्धा. भरताना नवे धागे वेडेवाकडे, गुंता झाल्यासारखे येतात. घोडा नुसता बांधून ठेवला तर ते तसेच राहतात, लवकर पळवला तर पुन्हा तुटतात. रोज थोडं, मोजून चालवलं आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत नेलं, तर ते धागे ओढीच्या दिशेने सरळ बसतात. घोड्यांच्या फिजिओथेरपीचं निम्मं शास्त्र या ‘मोजून’मध्ये आहे.

आणि डागणीचं काय? ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा रीतसर अभ्यास करून तो १९८३ साली प्रसिद्ध केला. डागल्याने कंडरा लवकर किंवा अधिक चांगली भरत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मग इतकी शतकं लोकांना गुण कसा दिसला? तर डागलेल्या घोड्याला पुढे कित्येक महिने कामाला लावत नसत. गुण विश्रांतीचा, नाव सळईचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. त्याचं कारण पुढे सांगते.

घोड्यांच्या फिजिओथेरपीची सुरुवात मात्र जनावरांच्या डॉक्टरांपेक्षा माणसांच्या उपचारकांकडून झाली. माणसांची फिजिओथेरपी तरी कुठे फार जुनी? लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची संस्था काढली, तिथून ती ब्रिटनमध्ये आकाराला आली. पुढे चार्ल्स स्ट्राँग नावाचे एक फिजिओथेरपिस्ट होते. त्यांच्या रुग्णांत माउंटबॅटन होते. होय, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. हा गृहस्थ पोलोचा इतका वेडा की ‘मार्को’ या टोपणनावाने त्याने १९३१ साली पोलोवर पुस्तक लिहिलं होतं. विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आखडायचे-सोडायचे, या स्ट्राँग यांच्या उपचाराने आपल्याला बरं वाटतं, तर माझ्या घोड्यांना का वाटू नये, असा त्याचा सवाल. स्ट्राँग यांनी करून पाहिलं, जमलं, आणि १९५६ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. माउंटबॅटनविषयी आपल्या मनात इतर कारणांनी काय काय असेल ते असो, हे एक चांगलं काम त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

पण माझा आवडता घोडा म्हणजे रेड रम. शर्यतीत मला काडीचा रस नाही, पण ही गोष्ट शर्यतीची नाहीच. लिव्हरपूलजवळ साउथपोर्ट नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे जिंजर मकेन नावाचे गृहस्थ टॅक्सीचा धंदा करायचे, जुन्या मोटारी विकायचे आणि मोटारींच्या दुकानामागे चार घोडे ठेवून त्यांना शिकवायचे. त्यांच्या टॅक्सीत बसणाऱ्या ऐंशी ओलांडलेल्या एका धनिकासाठी, नोएल ल मेर यांच्यासाठी, त्यांनी १९७२ साली सहा हजार गिनींना रेड रम विकत घेतला. पहिल्यांदा वाळूवर पळवला, तर घोडा लंगडा! खुरातल्या हाडाला कायमची सूज होती. दुसरा कोणी असता तर घोडा परत पाठवता.

मकेन यांनी लहानपणी त्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्यांच्या गाड्यांचे घोडे पाहिले होते. पाय बिघडलेले घोडेसुद्धा त्या थंड खाऱ्या पाण्यात गाड्या ओढून ओढून बरे होतात, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. त्यांनी रेड रमला समुद्रात नेलं आणि पाण्यातून चालवलं. बाहेर आला तो नीट चालत! मग त्यांनी त्याला कायम तिथेच, वाळूवर आणि समुद्राच्या पाण्यात तयार केलं. ग्रँड नॅशनल ही तेव्हा सात किलोमीटरहून लांब असलेली, तीस अडथळ्यांची शर्यत. ती रेड रमने १९७३, १९७४ आणि १९७७ साली जिंकली, मधल्या दोन्ही वर्षी तो दुसरा आला. तीन वेळा ती जिंकणारा दुसरा घोडा आजवर झालेला नाही. तो तीस वर्षं जगला, १९९५ साली गेला आणि त्याला शर्यतीच्या अंतिम रेषेपाशीच पुरलं आहे. एवढी सगळी विद्या आली कुठून? कोळंबीच्या गाड्या ओढणाऱ्या, नाव कोणी लिहून न ठेवलेल्या घोड्यांकडून.

पाण्याने सगळंच साधतं असं मात्र नाही. १९७५च्या जुलैत अमेरिकेत रफियन नावाच्या, तोवर एकही शर्यत न हरलेल्या घोडीचा पाय धावताना मोडला. रात्री ऑपरेशन झालं. भूल उतरताना ती अर्धवट शुद्धीत आडवी पडल्या पडल्याच धावू लागली, प्लास्टर फुटलं आणि तिला मरण द्यावं लागलं. घोड्यांना पाण्याच्या हौदात तरंगत शुद्धीवर आणण्याच्या सोयीचं महत्त्व अशा घटनांनी लोकांना पटलं. २००६ साली बार्बारो नावाच्या घोड्याला ऑपरेशननंतर असंच हौदात जागं केलं. तो आठ महिने जगला, पण एका पायाचा भार इतरांवर पडत राहिला, खुरं सडली आणि २००७च्या जानेवारीत तोही गेला. घोड्याला आपल्यासारखं सहा आठवडे खाटेवर झोपून राहता येत नाही, इथेच सगळं अडतं.

त्या मानाने कुत्र्याचं सोपं. लहान जीव, उचलता येतो. माणसांचे फिजिओथेरपिस्ट आणि जनावरांचे डॉक्टर हळूहळू एकत्र काम करू लागले. १९९९ साली अमेरिकेत ओरेगन इथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पाण्यात कुत्र्याच्या पायांवर किती भार येतो हेसुद्धा लोकांनी मोजून ठेवलं आहे. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा ३८ टक्केच भार येतो. पाणी कमी करत नेलं की भार वाढतो. म्हणजे पाण्याची पातळी हाच औषधाचा डोस. त्या टाकीतली ती मुलगी दर आठवड्याला पाणी दोन बोटं कमी का करत होती, ते मला त्यामुळे समजलं.

आता राजाचं राहिलेलं सांगते. डाग दिल्यावर काकांनी त्याला आठ दिवस बांधून ठेवलं. आम्ही आठ दिवस चालत शाळेत गेलो. नवव्या दिवशी टांगा आला, पण राजा सावकाश चालायचा. शाळेला उशीर होऊ लागला, दोनदा छड्या खाल्ल्या. महिनाअखेर अण्णांनी काकांचा हिशेब केला आणि आम्हांला दुसरा टांगा लावून दिला. बाकीच्या मुलींच्या घरच्यांनीही तेच केलं. अण्णा निर्दय नव्हते. मुलींचा अभ्यास बुडू नये एवढंच त्यांना दिसत होतं. त्यानंतर काका स्टेशनवर दिवसभर उभे राहून मिळेल ते भाडं घेऊ लागले. राजा पावसाळ्यानंतर दिसेनासा झाला. कुठे गेला ते मी विचारलं नाही. सळई मी पाहिली होती म्हणून काका दुष्ट ठरले. काकांच्या आठ दिवसांचे आठ महिने कोण करू देणार होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या ब्रिस्टलच्या अभ्यासाबद्दल वाचताना सुचलं.

एक रविवार मात्र आठवतो. डागल्यानंतरचाच असावा. आम्ही आईबरोबर कृष्णेच्या घाटावर गेलो होतो. काका राजाला धुवायला घेऊन आले होते. राजा पोटापर्यंत पाण्यात उभा होता. काकांनी अंग चोळलं, मान चोळली, दोरी ओढली, पण तो बाहेर यायला तयार होईना. काका हसून आईला म्हणाले, "वैनी, याला पाणी लई आवडतं." मग त्यांनी दोरी सैल सोडली आणि पायरीवर बसून विडी शिलगावली.