सिदनाक कोणाचा? नाव जुळले म्हणजे पूर्वज सापडला असे नाही!

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे आम्ही मानवंदना देतो. त्याच वेळी गर्दीतला एखादा तरुण कोरलेल्या नावावर बोट ठेवून म्हणतो, "हे आमचे पूर्वज!" त्याचा अभिमान आम्हाला समजतो. पण पुरावा काय, हे विचारणेही आमचेच काम आहे.

स्तंभावर 'नाक'ने संपणारी वीसहून अधिक नावे आहेत. आधी सैनिकाचे, मग त्याच्या वडिलांचे, आडनाव नाही. 'नाक' हे आडनाव नव्हतेच. महार पुरुषांच्या नावाला लागणारे ते जोडपद होते. कोणी त्याचा संबंध 'नायक'शी लावतात, कोणी 'नाग'शी. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. मग एका गावात दोन-तीन रामनाक निघाले तर नवल काय?

सिदनाकाचेच घ्या. कळंबीचा सिदनाक १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत पटवर्धनांच्या फौजेत, म्हणजे पेशव्यांच्या बाजूने लढला. कोरेगावची लढाई १८१८ ची आणि पेशव्यांविरुद्धची. नाव सारखे दिसले म्हणून दोन्हीकडचा सिदनाक एकच ठरवणे हा इतिहास नव्हे.

आडनावावर विसंबावे, तर तेही फसवे. बाबासाहेबांच्या आजोबांना 'आंबेडकर' नावाने शोधाल तर सापडणार नाहीत. ते मालोजी सकपाळ. आंबडवे गावावरून पडलेले नाव शाळेत बदलून 'आंबेडकर' झाले.

मग शोधायचे कसे? नावाच्या आधी गाव पकडा. महारकी वतनात आपल्या घराचा वाटा कोणता होता, पाळी कोणाकडे होती, हे विचारा. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखले ताडून पाहा. आजीला, आत्याला तिच्या सासर-माहेरची माणसे विचारा. वंशावळीत बाईचे नाव क्वचितच लिहिले जाते, पण दोन रामनाकांतला फरक तिलाच ठाऊक असतो.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. जातीच्या दाखल्यासाठी आजही १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या व्यवस्थेने आमच्या आजोबांना कधी 'रामा', कधी 'राम्या' लिहिले, तीच आज आम्हाला स्पेलिंगचा मेळ विचारते! म्हणून म्हातारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या.

खोट्या वंशावळी रचून मोठेपण मिळवणे ही वर्णव्यवस्थेची खोड आहे. बाबासाहेबांनी आम्हाला पुरावा तपासायला शिकवले. ते १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले, ते खापरपणजोबा शोधायला नव्हे. त्या शूरांना आपले म्हणायला रक्ताचे नाते लागत नाही.

जय भीम!